कावीळ उतरते, आजार राहतो

स्वयंप्रतिकार यकृतविकार वेळेत ओळखला आणि औषध अखंड चालू राहिले, तर बहुतेक रुग्ण दीर्घ आयुष्य जगतात. औषध जुने आहे, परिणामकारक आहे आणि फार महागही नाही. अडचण आहे ती ते वर्षानुवर्षे चालू ठेवण्याची. बुलढाणा जिल्ह्यातल्या सुलतानपूरसारख्या गावातून पाहिले की ही अडचण नेमकी कुठे आहे, ते दिसते.

समजा, लोणार तालुक्यातल्या सुलतानपुरात राहणाऱ्या पस्तिशीतल्या एका शेतकरी स्त्रीचे डोळे पिवळे दिसू लागले. दोन महिन्यांपासून थकवा होता, सांधे दुखत होते, जेवण जात नव्हते. पण सोयाबीनची सोंगणी सुरू होती, त्यामुळे कोणी फारसे लक्ष दिले नाही. कावीळ म्हटल्यावर घरच्यांनी काविळीची माळ आणली, तेल-तिखट बंद केले, उसाचा रस सुरू केला. तीन-चार आठवड्यांत पिवळेपणा कमी झाला. ‘उतरली कावीळ’ म्हणून घर निर्धास्त झाले. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला पोट फुगले, पायांवर सूज आली, तेव्हा मोठ्या शहरातल्या दवाखान्यात नेले. तिथे कळले, यकृत आक्रसून घट्ट झाले आहे. ‘सिरॉसिस’ हा शब्द ऐकताच नातेवाइकांचा पहिला प्रश्न असतो, ‘पण हिने तर कधी दारूला हात लावला नाही!’

ही स्त्री काल्पनिक आहे, पण घटनांचा हा क्रम यकृततज्ज्ञांच्या चांगल्या ओळखीचा आहे. दारू नाही, ‘बी’ किंवा ‘सी’ विषाणू नाही, तरी यकृत खराब होत जाते. अशा रुग्णांपैकी काहींमध्ये कारण असते ते शरीराचीच प्रतिकारशक्ती.

आपलीच फौज आपल्यावर

जंतूंशी लढणाऱ्या पेशी कधी कधी शरीरातल्याच एखाद्या अवयवाला परका समजून त्याच्यावर हल्ला करतात. थायरॉइड, सांधे, त्वचा यांच्याबाबत असे होते, तसेच यकृताबाबतही होते. यकृताचे असे तीन प्रमुख आजार आहेत. यकृताच्या पेशींवर हल्ला झाला तर ऑटोइम्यून हिपॅटायटिस. यकृतातल्या बारीक पित्तनलिकांवर झाला तर प्रायमरी बिलिअरी कोलँजायटिस, म्हणजे पीबीसी. मोठ्या पित्तनलिका आक्रसत गेल्या तर प्रायमरी स्क्लेरोझिंग कोलँजायटिस, म्हणजे पीएससी.

तिघांचे भवितव्य सारखे नाही. ऑटोइम्यून हिपॅटायटिस कोणत्याही वयात होतो, लहान मुलांनाही होतो. उपचार न केल्यास तो सर्वांत वेगाने घात करू शकतो, आणि उपचाराला सर्वांत चांगला प्रतिसादही तोच देतो. पीबीसी मुख्यतः मध्यमवयीन स्त्रियांना होतो आणि संथ चालतो. सतत खाज आणि न जाणारा थकवा ही त्याची खूण. अर्सोडिऑक्सिकोलिक आम्ल हे औषध वेळेत सुरू झाले आणि लागू पडले, तर अनेकांचे आयुर्मान सर्वसामान्यांइतकेच राहते. पीएससीमध्ये मात्र आजाराची वाटचाल खात्रीने रोखणारे औषध अजून हाती नाही. त्यात पित्तनलिकांच्या कर्करोगाचा धोकाही असतो, आणि अनेकांना पुढे प्रत्यारोपणाची गरज पडते.

‘सिरॉसिस म्हणजे दारू’ हे समीकरण केवळ आपल्याकडचे नाही. पीबीसीचे जुने नाव ‘प्रायमरी बिलिअरी सिरॉसिस’ असे होते. बहुतेक रुग्णांना निदानाच्या वेळी सिरॉसिस नसतोच, आणि या नावामुळे दारूचा शिक्का मात्र बसतो, अशी रुग्णांची तक्रार होती. अखेर २०१५ मध्ये नाव बदलले गेले.

भारतात नाही, हा समज

ऑटोइम्यून यकृतविकार हे गोऱ्या लोकांचे आजार, भारतात ते अपवादानेच सापडतात, असे अनेक वर्षे मानले जाई. आपल्याकडे कावीळ म्हणजे दूषित पाणी आणि सिरॉसिस म्हणजे दारू किंवा ‘बी’ विषाणू. या चौकटीबाहेर फारसे पाहिले जात नव्हते. ती चौकट ओलांडणाऱ्यांत मुंबईचे पोटविकारतज्ज्ञ डॉ. दीपक अमरापूरकर यांचा समावेश होतो. २९ ऑगस्ट २०१७ च्या मुसळधार पावसात उघड्या मॅनहोलमध्ये पडून त्यांचा मृत्यू झाला. महाराष्ट्राला ते नाव त्या दुर्घटनेमुळे आठवते. त्याच्या दहा वर्षे आधी, २००७ मध्ये, पश्चिम भारतातील ऑटोइम्यून यकृतविकारांचे स्वरूप मांडणारा त्यांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला होता. हे आजार आपल्याकडेही आहेत, फक्त ते शोधावे लागतात, हा त्यासारख्या अभ्यासांचा सांगावा होता.

शोधायचे म्हणजे काय? एसजीपीटी, एसजीओटी वाढलेले असतील आणि विषाणूंच्या चाचण्या निगेटिव्ह असतील, तर रक्तातील आयजीजी हे प्रथिन आणि एएनए, एएसएमए, एलकेएम यांसारखी प्रतिपिंडे तपासावी लागतात. पीबीसीसाठी एएमए ही चाचणी असते. ऑटोइम्यून हिपॅटायटिसचे निदान पक्के करण्यासाठी बहुतेकदा यकृताचा छोटा तुकडा काढून, म्हणजे बायोप्सी करून, पाहावे लागते. यातले काहीही सुलतानपुरात होणार नाही, आणि व्हावे अशी अपेक्षाही नाही. पण ‘पुढे तपासायला हवे’ ही शंका मात्र गावातच, पहिल्या रिपोर्टवर यायला हवी. जगभरात प्रौढ रुग्णांपैकी सुमारे एकतृतीयांश रुग्णांना निदानाच्या वेळीच सिरॉसिस झालेला असतो. जिथे शंका उशिरा येते, तिथे हे प्रमाण वाढणे स्वाभाविक आहे.

पन्नास वर्षांपूर्वीचा पुरावा

या आजाराचे भवितव्य औषधाने किती बदलते, याचा पुरावा जुना आणि ठाम आहे. लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलमध्ये डॉ. शीला शेरलॉक आणि सहकाऱ्यांनी केलेली चाचणी १९७१ मध्ये प्रसिद्ध झाली. प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड मिळालेल्या २२ रुग्णांपैकी ३ दगावले. ते न मिळालेल्या २७ पैकी १५ दगावले. याच रुग्णांचा पुढचा हिशेब १९८० मध्ये मांडला गेला. दहा वर्षांनी स्टेरॉइड गटातले ६३ टक्के रुग्ण हयात होते, दुसऱ्या गटातले २७ टक्के.

पुढे स्टेरॉइडच्या जोडीला अझाथायोप्रिन हे औषध आले. त्यामुळे स्टेरॉइडची मात्रा कमी ठेवता येऊ लागली आणि दुष्परिणाम घटले. आजच्या बहुतेक रुग्णमालिकांत दहा वर्षे जगण्याचे प्रमाण ८० टक्क्यांच्या वर आहे. सिरॉसिस होण्याआधी निदान झाले आणि रक्ताचे रिपोर्ट पूर्ण सामान्य पातळीवर आले, तर आयुर्मान इतरांच्या जवळपास जाते. इतकेच नव्हे, आजार शांत राहिला तर यकृतातील व्रण काही प्रमाणात भरूनही येतात. सिरॉसिस झालेल्या रुग्णालाही औषधाचा लाभ होतो. ‘आता उशीर झाला’ म्हणून उपचार सोडण्याचे कारण नाही.

मात्र यात ‘पूर्ण सामान्य’ या शब्दांना फार महत्त्व आहे. एसजीपीटी ३०० वरून ८० वर आला की रुग्णाला बरे वाटते, भूक लागते, तो कामाला लागतो. यकृतातली जळजळ मात्र मंद विस्तवासारखी चालूच असते. म्हणून एसजीपीटी, एसजीओटी आणि आयजीजी हे तिन्ही सहा महिन्यांच्या आत सामान्य पातळीवर आणणे, हे आज उपचाराचे उद्दिष्ट मानले जाते. ते साधले नाही, तर औषध बदलावे लागते. २०२४ मध्ये नेदरलँड्स आणि बेल्जियममधील एका चाचणीत, सुरुवातीपासून अझाथायोप्रिनऐवजी मायकोफेनोलेट दिलेल्या रुग्णांपैकी ५६.४ टक्के रुग्णांनी हे उद्दिष्ट गाठले. अझाथायोप्रिन गटात हे प्रमाण २९ टक्के होते. रुग्णसंख्या सत्तरच्या आसपास होती, त्यामुळे याला अंतिम शब्द मानता येणार नाही. शिवाय मायकोफेनोलेट गर्भाला घातक असल्याने मूल हवे असलेल्या तरुणींना ते देता येत नाही. पण पर्याय वाढत आहेत, हे खरे.

बरे वाटले म्हणून थांबवले

खरी परीक्षा बरे वाटू लागल्यानंतर सुरू होते. नेदरलँड्समध्ये १३१ रुग्णांचा अभ्यास झाला. हे सर्व जण किमान दोन वर्षे स्थिर होते आणि त्यांचे औषध कमी करून थांबवण्याचा प्रयत्न झाला होता. पहिल्याच वर्षात ५९ टक्के रुग्णांचा आजार परतला किंवा नियंत्रण सुटू लागले. दोन वर्षांत हे प्रमाण ७३ टक्के आणि तीन वर्षांत ८१ टक्के झाले. हे डॉक्टरांच्या देखरेखीखाली, नियमित रक्ततपासणी करत थांबवलेल्या औषधांचे आकडे आहेत. पैसे संपले, एस.टी. चुकली, पेरणीचे दिवस आले म्हणून आपोआप सुटलेल्या गोळीचे काय होत असेल, याची कल्पना करता येते.

म्हणूनच औषध किमान तीन वर्षे आणि रिपोर्ट पूर्ण सामान्य झाल्यावर आणखी किमान दोन वर्षे घ्यावे, असे युरोपीय मार्गदर्शक सूचना सांगतात. बहुतेकांना ते त्याहून बराच काळ, अनेकदा आयुष्यभर लागते. मधुमेह किंवा रक्तदाबाची गोळी आयुष्यभर असते, हे आता खेड्यापाड्यांत पटलेले आहे. यकृताचीही अशी गोळी असू शकते, हे अजून रुजलेले नाही. कावीळ हा येऊन जाणारा आजार, हीच आपली जुनी समजूत.

दुसरी भीती स्टेरॉइडची. ती निराधार नाही. चेहरा सुजतो, वजन आणि साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात, मोतीबिंदू लवकर येऊ शकतो. म्हणूनच मात्रा हळूहळू उतरवली जाते आणि अझाथायोप्रिनवर भार टाकला जातो. अझाथायोप्रिनमुळे काहींच्या पांढऱ्या पेशी घटतात. एनयूडीटी-१५ या जनुकातील बदलामुळे हा धोका वाढतो, आणि तो बदल आशियाई लोकांमध्ये अधिक आढळतो. त्यामुळे पहिल्या काही आठवड्यांत सीबीसी वारंवार करणे आवश्यक ठरते. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे सुरू करण्याआधी ‘बी’ विषाणू आणि क्षयरोग तपासावा लागतो, कारण दबलेला जंतू डोके वर काढू शकतो. पण दुष्परिणामांच्या भीतीने स्टेरॉइड अचानक बंद करणे सर्वांत धोक्याचे. यकृताचा आजार उसळतोच, शिवाय शरीराची स्वतःची स्टेरॉइडनिर्मिती मंदावलेली असल्याने जिवावर बेतू शकते.

माळ का लागू पडते?

काविळीची माळ दिवसेंदिवस लांबत जाते आणि तिच्याबरोबर कावीळ उतरते, असे मानले जाते. अनेक घरांचा तसा अनुभवही आहे. त्याचे कारण माळेत नाही. दूषित पाण्यातून होणारी ‘ए’ आणि ‘ई’ प्रकारची कावीळ बहुतेकांमध्ये काही आठवड्यांत आपोआप बरी होते. त्या काळात जे काही केले असेल, त्याला श्रेय मिळते. ऑटोइम्यून हिपॅटायटिसही अनेकदा लाटांसारखा येतो. पिवळेपणा वाढतो, ओसरतो, पुन्हा वाढतो. पहिली लाट ओसरली की माळ लागू पडली असे वाटते, आणि दुसऱ्या लाटेपर्यंतचा मोलाचा वेळ निघून जातो.

गुळवेलीचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे. करोनाच्या काळात ‘प्रतिकारशक्ती वाढवण्यासाठी’ घरोघरी गुळवेलीचा काढा सुरू झाला. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या चार महिन्यांत मुंबईतील यकृततज्ज्ञ डॉ. आभा नागरल आणि सहकाऱ्यांकडे गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेले सहा रुग्ण आले. त्यांच्या आजाराचे स्वरूप ऑटोइम्यून हिपॅटायटिससारखे होते. २०२१ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाल्यावर केंद्रीय आयुष मंत्रालयाने त्याला आक्षेप घेतला. वनस्पतीची ओळख नीट पटवलेली नाही, गुळवेलीसारखी दिसणारी दुसरी जात असू शकते, असे मंत्रालयाचे म्हणणे होते. पुढच्या वर्षी देशातील १३ केंद्रांतील ४३ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातही अनेकांत ऑटोइम्यून स्वरूपाची इजा दिसली.

हा वाद बाजूला ठेवला, तरी एक व्यावहारिक गोष्ट उरते. ज्या आजारात प्रतिकारशक्ती आधीच चुकीच्या दिशेने सुटलेली आहे, तिथे ती ‘वाढवणारे’ काहीही डॉक्टरांना न विचारता घेणे धोक्याचे आहे. हे केवळ जडीबुटीपुरते नाही. लघवीच्या संसर्गासाठी दीर्घकाळ दिले जाणारे नायट्रोफ्युरँटॉइन किंवा मुरुमांसाठीचे मिनोसायक्लिन या ॲलोपॅथिक औषधांनीही ऑटोइम्यून हिपॅटायटिससारखा आजार होऊ शकतो. म्हणून तपासणीला जाताना घरातल्या सगळ्या गोळ्या, काढे आणि चूर्णे पिशवीत घालून न्यावीत. न लाजता दाखवावीत.

‘बी’ निगेटिव्ह, ‘सी’ निगेटिव्ह, पुढे काय?

सरकारी आरोग्य व्यवस्थेत यकृताला गेल्या काही वर्षांत स्थान मिळाले आहे. २८ जुलै २०१८ रोजी राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. ‘बी’ आणि ‘सी’ची तपासणी आणि औषधे त्यात मोफत आहेत. २०२१ मध्ये फॅटी लिव्हरचा समावेश असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात झाला. दोन्ही पावले महत्त्वाची आहेत. पण ज्याचा रिपोर्ट ‘बी’ निगेटिव्ह, ‘सी’ निगेटिव्ह आहे आणि जो लठ्ठही नाही, तो रुग्ण या दोन कार्यक्रमांच्या मधल्या फटीत पडतो. कार्यक्रमाच्या दृष्टीने निगेटिव्ह रिपोर्ट हा शेवट असतो. या रुग्णासाठी तीच सुरुवात असायला हवी.

महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत २०२४ पासून प्रतिकुटुंब वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. पण या योजनेचा साचा रुग्णालयात दाखल होऊन घेतलेल्या उपचारांचा आहे. ऑटोइम्यून हिपॅटायटिसचा रुग्ण नीट सांभाळला गेला, तर तो दाखल होतच नाही. त्याचा खर्च असतो बाह्यरुग्ण तपासणीचा, रक्ताच्या चाचण्यांचा, महिन्याच्या गोळ्यांचा, जाण्यायेण्याच्या भाड्याचा आणि बुडालेल्या मजुरीचा. म्हणजे पोटात पाणी झाले, रक्ताची उलटी झाली की योजना मदतीला येते. ते होऊ नये म्हणून लागणारा छोटा, पण न संपणारा खर्च मात्र रुग्णाच्या खिशातून जातो.

तीन महाविद्यालयांच्या मध्ये

सुलतानपूरचे भौगोलिक स्थान पाहण्यासारखे आहे. लोणार आणि मेहकर ही गावे जवळ, आणि समृद्धी महामार्ग याच परिसरातून जातो. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यातील ज्या दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले, त्यांत बुलढाणा, जालना आणि वाशीम ही तिन्ही नावे होती. म्हणजे या गावाच्या तीन दिशांना तीन महाविद्यालये उभी राहत आहेत. पंधरा वर्षांपूर्वी हे स्वप्नवत वाटले असते.

तरीही अपेक्षा जपून ठेवायला हवी. नवे महाविद्यालय आधी एमबीबीएसचे विद्यार्थी घेते. यकृताचा किंवा पोटविकारांचा अतिविशेषज्ञ तिथे यायला वेळ लागतो. तोवर अशा तज्ज्ञासाठी छत्रपती संभाजीनगर, अकोला, नागपूर याच वाटा. पण निदानासाठी एकदा मोठ्या शहरात जाणे आणि पुढची वीस वर्षे दर तीन महिन्यांनी जात राहणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली गोष्ट कर्ज काढूनही होते. दुसरी रुटीनमध्ये बसवावी लागते, नाहीतर ती सुटते.

या जिल्ह्याने दिसणाऱ्या आजाराची ताकद नुकतीच पाहिली आहे. २०२४ च्या अखेरीस शेगाव तालुक्यातील काही गावांत लोकांचे केस अचानक झपाट्याने गळू लागले. देशभर बातम्या झाल्या, जानेवारी २०२५ मध्ये आयसीएमआरची पथके गावात आली. ते योग्यच झाले. यकृताच्या या रुग्णांचे मात्र गाव बनत नाही. एखाद्या तालुक्यात ते मोजकेच असतात, एकमेकांना ओळखत नाहीत, आणि त्यांचा आजार बाहेरून दिसत नाही. म्हणून त्यांच्यासाठी पथक येणार नाही. त्यांना रोजच्या व्यवस्थेतच जागा मिळायला हवी.

ती देते, तिला मिळते का?

ऑटोइम्यून हिपॅटायटिसच्या रुग्णांत सुमारे तीनचतुर्थांश किंवा अधिक स्त्रिया असतात. पीबीसीत हे प्रमाण त्याहूनही जास्त. त्यामुळे घरात स्त्रीच्या आजारपणाला मिळणारे स्थान हा इथे भवितव्य ठरवणारा घटक बनतो. तिचा थकवा ‘कामाचा’ समजला जातो. तिची तपासणी सुगीनंतर, लग्नसराईनंतर ढकलली जाते. तरुण मुलीला आजार असेल, तर लग्न ठरेपर्यंत तो लपवला जातो आणि सासरी गेल्यावर गोळ्या बंद होतात. खरे तर आजार किमान वर्षभर काबूत असेल, तर बहुतेक स्त्रियांचे गर्भारपण सुखरूप पार पडते. अझाथायोप्रिन त्या काळात सहसा चालू ठेवले जाते. बाळंतपणानंतरच्या काही महिन्यांत आजार उसळण्याची शक्यता अधिक असते. नेमकी तेव्हाच बाळंतिणीची रक्ततपासणी व्हायला हवी आणि नेमकी तेव्हाच ती राहते.

यकृत पूर्ण निकामी झाले, तर प्रत्यारोपण हा शेवटचा मार्ग. ऑटोइम्यून आजारांत त्याचे निष्कर्ष चांगले आहेत. नव्या यकृतातही काहींचा आजार परत येतो, पण औषधांनी तो सहसा आवरता येतो. विदर्भात अवयववाटपाचे काम नागपूरची विभागीय समिती, म्हणजे झेडटीसीसी, पाहते. परंतु भारतातील बहुतांश यकृत प्रत्यारोपणे मेंदूमृत दात्याच्या नव्हे, तर जिवंत नातेवाइकाच्या यकृताच्या भागावर होतात. देशाची आकडेवारी सांगते की जिवंत अवयवदात्यांत स्त्रियांचे प्रमाण मोठे आहे, तर अवयव मिळणाऱ्यांत पुरुषांचे. बायको नवऱ्याला, आई मुलाला यकृत देते. जो आजार मुख्यतः स्त्रियांना होतो, त्यात हा क्रम उलटा व्हावा लागेल. तो सहज होईल, असे समजण्यात अर्थ नाही. म्हणून प्रत्यारोपणाची वेळच येऊ न देणे, हीच या रुग्णांसाठी सर्वांत न्याय्य वाट आहे.

काय करता येईल?

त्यासाठी नवी इमारत किंवा नवी योजना लागत नाही. आहे त्याच व्यवस्थेत चार गोष्टी जोडल्या, तरी फरक पडेल.

पहिली, कावीळ सहा आठवड्यांत पूर्ण गेली नाही, किंवा पुन्हा आली आणि ‘बी’, ‘सी’ निगेटिव्ह आहे, तर आयजीजी आणि एएनए तपासण्यासाठी जिल्हा पातळीवर पाठवायचे, असा साधा नियम प्राथमिक आरोग्य केंद्रांत असावा. सहा महिन्यांहून जास्त काळ एसजीपीटी वाढलेला असेल, तरीही हाच नियम.

दुसरी, प्रेडनिसोलोन आणि अझाथायोप्रिन ही दोन्ही औषधे राष्ट्रीय अत्यावश्यक औषध यादीत आहेत आणि जेनेरिक स्वरूपात मिळतात. रक्तदाब-मधुमेहाच्या गोळ्या जिथून दर महिन्याला मिळतात, तिथूनच तज्ज्ञाच्या चिठ्ठीवर यांचाही पुरवठा व्हावा.

तिसरी, तपासणी गावाजवळ आणि सल्ला दुरून. एसजीपीटी, बिलीरुबिन, सीबीसी यांसाठी संभाजीनगरला जाण्याचे कारण नाही. रक्त ग्रामीण रुग्णालयात द्यावे आणि रिपोर्ट ई-संजीवनीसारख्या दूरसल्ला सेवेतून तज्ज्ञाला दाखवावा. प्रत्यक्ष भेट वर्षातून एक-दोनदा पुरेल.

चौथी, ज्यांना सिरॉसिस झाला आहे, त्यांची दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी. यकृताचा कर्करोग लहान असताना सापडला, तर उपचार होऊ शकतो. दीर्घकाळ स्टेरॉइड घेणाऱ्यांसाठी साखर, डोळे आणि हाडांची तपासणीही याच यादीत यावी.

रुग्ण आणि घरच्यांसाठी सूचना त्याहून सोप्या आहेत. गोळी स्वतःहून थांबवू नये, कमी करू नये. गोळ्या संपण्याच्या आठवडाभर आधी आणाव्यात. सगळे रिपोर्ट तारखेनुसार एका फाइलमध्ये ठेवावेत, कारण या आजारात एका रिपोर्टपेक्षा रिपोर्टांची मालिका जास्त सांगते. दारू पूर्ण बंद. कोणतीही लस घेण्याआधी आपण कोणती औषधे घेतो ते सांगावे, कारण काही जिवंत लसी या रुग्णांना चालत नाहीत. आणि ताप दोन दिवसांहून जास्त राहिला, तर घरी थांबू नये.

१९७१ मध्ये लंडनच्या त्या चाचणीतील दोन गटांत फरक होता तो एका गोळीचा. ती गोळी आज मेहकरच्या औषध दुकानातही मागवता येते. सुलतानपूरच्या रुग्णाचे भवितव्य आता ती गोळी तिच्या हाती दर महिन्याला पडते की नाही, आणि दर तीन महिन्यांनी कोणी तिचा रिपोर्ट पाहतो की नाही, यावर ठरणार आहे.